हातांना आठवेना

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या खाटेवर चार वस्तू मांडल्या. कंगवा, चावी, काडेपेटी आणि चमचा.

"बाई, हे काय आहे?" पहिली वस्तू उचलून त्यांनी विचारलं.

"कंगवा."

"कशासाठी असतो?"

"केस विंचरायला."

"छान. मग जरा विंचरून दाखवा बघू."

मी कंगवा हातात घेतला. तो डोक्याकडे न्यायचा हे मला ठाऊक होतं. पण हात वर गेलाच नाही. मी कंगवा चादरीवर आडवा ठेवला आणि इस्त्री करावी तसा पुढेमागे फिरवू लागले. हे चुकतंय, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. मग तो उचलला तर ओठांशी गेला. काडेपेटीचंही तसंच. काडी काढली, पेटी बंद केली आणि काडी चमच्यावर घासत बसले. माझे यजमान खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते फरशीकडे बघत होते.

डॉक्टरांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी वस्तू गोळा करून खिशात टाकल्या आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या बायकोला वेड लागलेलं नाही. त्या सोंगही करत नाहीत. ह्या आजाराला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. हातात ताकद आहे, डोळ्यांना दिसतंय, वस्तूचं नाव माहीत आहे, उपयोगही माहीत आहे. पण ती वस्तू घेऊन हातानं काय करायचं, आधी काय, मग काय, हे मेंदूत जिथे साठवलेलं असतं, तिथे इजा झालेली आहे."

मला रडू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं.

हे मी लिहिते आहे ते अशासाठी, की कोणाच्या घरात असं घडलं, तर त्या बाईला किंवा त्या बाप्याला निदान घरच्यांनी खोटं ठरवू नये.

आमचं घर अलिबागजवळ नागावला, नारळी-पोफळीच्या वाडीत. यजमान मराठी शाळेत मास्तर. घरात ते, मी आणि सासूबाई. त्यांची एकच मुलगी, ती पालीला दिलेली. स्वराज्य येऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी मराठी सातवी पास झालेली, घरकामात चपळ. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या इंदूच्या हाताला झोप म्हणून माहीत नाही."

श्रीधर झाला तो कार्तिकात. बाळंतपण घरीच झालं आणि नीट झालं. बाराव्या दिवशी बारसं झालं. त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी माझं डोकं असं दुखायला लागलं की डोळे उघडवेनात. दुपारपर्यंत उजवा हात जड झाला आणि मला झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा अलिबागचे डॉक्टर उशाशी बसले होते. त्यांनी झटक्याच्या गोळ्या दिल्या आणि बाळाला अंगावर पाजणं बंद करायला सांगितलं.

आठवड्याभरात उजव्या हातात पुन्हा बळ आलं. बोलताना एखादा शब्द अडायचा, तोही मोकळा झाला. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

मग एका सकाळी सासूबाईंनी बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि दुधाचं बोंडलं हातात ठेवलं. मी त्या छोट्याशा भांड्याकडे बघत राहिले. त्याची चोच बाळाच्या ओठांशी न्यायची आणि थोडं थोडं वाकवायचं. यात कठीण ते काय? मी ते उचललं आणि सगळं दूध त्याच्या नाकावर आणि कानावर ओतलं. बाळ गुदमरलं, निळं पडलं. सासूबाईंनी झडप घालून त्याला उचललं आणि पाठीवर थोपटलं. थोड्या वेळानं ते रडलं.

त्या दिवसापासून बाळ माझ्याकडे आलं नाही.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मी लुगडं नेसायला घ्यायची आणि पदर हातात धरून उभी राहायची. चुलीत फुंकणीनं फुंकायचं सोडून फुंकणीनं लाकडं झोडायची. भात ओरपायला जमायचं, पण कोणी समोर बसून "घास घे बरं" म्हणालं की हात ताटावर थिजायचा. आपण कोंडले गेलो आहोत, असं मला तेव्हा वाटायचं. बाहेरचं सगळं दिसतंय, ऐकू येतंय आणि बाहेर यायचा रस्ता माझ्या हातांतून जातो. तोच बंद झालेला.

खरोखरची कोंडी एकदा झाली. आमच्या न्हाणीघराला आतून लोखंडी कडी होती. आंघोळीला गेले तेव्हा सवयीनं मी ती लावली. कशी लावली कोण जाणे. आंघोळ आटोपून कडीसमोर उभी राहिले आणि मला ती काढता येईना. मी तिला दाबलं, थोपटलं, दार ओढलं. तांब्यानं ठोकलं. बाहेरून सासूबाई ओरडत होत्या, "अगं, कडी काढ ना!" यजमानांना शाळेतून बोलावून आणलं. ते दाराशी तोंड नेऊन सांगायला लागले, "आधी वर उचल. उचललीस? आता डावीकडे सरकव." ते जितकं सांगत, तितका माझ्या हातांचा गोंधळ वाढे. वर म्हणजे कुठे, उचल म्हणजे काय, तेच मला कळेनासं झालं. मी ओल्या फरशीवर बसले आणि ओरडून रडले.

तेवढ्यात ओटीवर बाळ जोरात किंचाळलं. त्याला मुंगळा चावला होता. पुढचं मला आठवत नाही. मी ओटीवर होते आणि बाळ माझ्या छातीशी होतं. न्हाणीघराचं दार सताड उघडं.

यजमान माझ्याकडे बघतच राहिले. "येतंय की तुला," ते हळूच म्हणाले. "मग इतका वेळ काय चालवलं होतंस?"

सासूबाईंनी बाळाला माझ्या हातांतून काढून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी सुतारानं न्हाणीघराची कडी उपटली आणि तिथे जुन्या लुगड्याचा पडदा आला. आणि सासूबाई वाडीला पाणी लावायला गेल्या की माझ्या खोलीला बाहेरून कडी लावू लागल्या. नात्यातले एक वडीलधारे घरी येऊन यजमानांना म्हणाले, "पोराच्या जिवाशी खेळ नको. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेव. चार महिने राहील, बरी होईल." मी भिंतीपलीकडे बसून ऐकत होते. यजमान काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्याची मला अजून भीती वाटते.

पण अलिबागच्या डॉक्टरांनी आग्रह धरला की आधी मुंबईला मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणून आम्ही रेवसहून लाँचनं मुंबईला गेलो. लाँचमध्ये यजमानांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी पाण्यात उडी मारेन असं त्यांना वाटत असावं.

इस्पितळात मी तीन आठवडे होते. सकाळी बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं आणि परत येऊन बसायचं. लंबर पंक्चर झालं. म्हणजे कुशीवर वळवून कण्याच्या मणक्यांमधून सुईनं पाणी काढतात. सुई टोचते त्याचं काही वाटत नाही, पण नंतर डोकं उचललं की भोवळ येते. दिवसभर सपाट पडून राहावं. ई.ई.जी. झाला. त्यात डोक्याला तारा चिकटवतात आणि मेंदूतली वीज कागदावर रेघांनी उमटते. त्याला घाबरण्यासारखं काही नाही. कोणाला करायला सांगितला तर खुशाल करून घ्यावा.

सगळं बघून डॉक्टरांनी यजमानांना आणि मला एकत्र बसवलं. मलाही बसवलं, ह्याचं मला फार वाटलं. ते म्हणाले, "बाळंतपणानंतर कधीकधी रक्त घट्ट होतं आणि मेंदूतल्या शिरेत गुठळी धरते. त्याला थ्रॉम्बोसिस म्हणतात. यांच्या डाव्या मेंदूच्या वरच्या मागच्या भागाला त्यामुळे रक्त नीट मिळालं नाही."

यजमानांनी न्हाणीघराची हकीकत सांगितली. डॉक्टर उलट खूश झाले. "हीच तर खूण आहे. सांगून केलं की जमत नाही आणि गरज पडली की आपोआप होतं. कडी काढायची म्हणून काढली, तर वाट बंद. पोराकडे धावायचंय, मध्ये कडी आली, तर हात आपला आपण ती काढतो. दोन्हीच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. मास्तर, त्या दिवशी तुम्ही दाराशी उभे राहून जे शिकवलंत ना, त्यानं त्या जास्त अडकल्या."

यजमानांनी चष्मा काढून पुसला.

"ही बरी कधी होईल?" त्यांनी विचारलं.

"मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही. शेजारचा भाग हळूहळू शिकतो. पण त्याला शिकायला काम लागतं. ज्या वेळेला, ज्या जागी जे काम करायचं, ते त्यांना करू द्या. सूचना देऊ नका. अडल्या तर त्यांचा हात तुमच्या हातात धरून ते काम पुरं करा. चुकलं तर चुकू द्या."

हे सगळं यजमानांनी वहीत उतरवून घेतलं. ती वही घरी आल्यावर ट्रंकेत गेली.

आता जे सांगायचं ते जपून सांगते, कारण सासूबाईंनी माझा छळ केला असं कोणी समजू नये. उलट झालं. मला वेड लागलेलं नाही हे कळल्यावर त्यांनी मला फुलासारखं जपायला घेतलं. आंघोळीला पाणी काढून द्यायच्या, वेणी घालायच्या, नेसवायच्या, भात कालवून ताट पुढ्यात ठेवायच्या. मी हात पुढे केला की म्हणायच्या, "तू बस. मी आहे ना." विळी त्यांनी कुठेतरी लपवली होती, काडेपेटी कनवटीला लावलेली असायची. श्रीधरचं न्हाणं, भरवणं, झोपवणं सगळं त्यांच्याकडे. तो माझ्याजवळ यायचा तो खेळायला, आणि तेही त्यांच्या नजरेसमोर.

"आई, मला त्याला एकदा न्हाऊ घालू द्या," मी म्हणायची.

"घालशील गं. बरी हो आधी."

बरं होण्यासाठी काम हवं आणि काम मिळण्यासाठी बरं व्हायला हवं. ह्या फेऱ्यात एक वर्ष गेलं. मी ओटीच्या खांबाला टेकून बसायची आणि पोफळीच्या झावळ्या हलताना बघायची. खोलीची बाहेरची कडी केव्हाच काढली होती. पण मला उठून जायला जागाच नव्हती.

मागच्या दारी मासळी घेऊन हिरा यायची. तिचं घर आमच्या वाडीच्या मागे, किनाऱ्याच्या अंगाला. एकदा तिनं मला जवळ बसवलं, सुक्या जवळ्याचं, म्हणजे बारीक कोलंबीचं, सूप माझ्या मांडीवर दिलं आणि आपल्या हातात माझा हात धरून त्यातला कचरा वेचायला लागली. तोंडानं कोळीवाड्यातल्या गोष्टी चालूच. थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला, ते मला कळलंही नाही. मी वेचत होते! सासूबाई आल्या आणि सूप उचलून घेऊन गेल्या.

"म्हातारे," हिरा म्हणाली, "तिला बसवून बसवून तिचे हात लाकडाचे व्हतील."

"पोराला काही झालं तर निस्तरायला तू येशील का?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. हिरानं पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

श्रीधर बोलायला लागला. यजमान त्यांच्या आईला आई म्हणत, मीही म्हणत असे. साहजिकच तोही त्यांना आई म्हणू लागला. मला सगळे इंदू म्हणत, म्हणून मी इंदू. सगळ्यांना गंमत वाटायची. मीही हसायची. मग न्हाणीघरात जाऊन पडद्याआड उभी राहायची.

वर्षानं आम्ही पुन्हा मुंबईला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय काय करता?"

"बसते," मी म्हटलं.

ते यजमानांकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा कठीण झाला. "मास्तर, घरी जाऊन आईंना माझा निरोप सांगा. म्हणावं, सुनेचं औषध तुम्ही बंद केलं आहे."

यजमानांनी तो निरोप शब्दाला शब्द सांगितला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. चार दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी यजमान शाळेला गेल्यावर त्यांनी गाठोडं बांधलं.

"मी पालीला जाते. गणपतीचं दर्शन घेईन, पोरीकडे आठ दिवस राहीन."

मी घाबरले. "आणि श्रीधर?"

"तुझाच आहे तो." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "विळी फळीवर ठेवली आहे. काडेपेटी चुलीजवळ." श्रीधर त्यांच्या मागे धावला, तर त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी तो तास-दीड तास "आई, आई" करून रडला. मी त्याला न्हाणीघरात नेलं. पाणी तांब्यात घेतलं आणि त्याच्या शेजारी फरशीवर ओतलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फरशीवर. तो थंडीनं कुडकुडत आणखीच रडायला लागला. आता तांब्या वर, आता वाकव, असं मी मनाशी म्हणू लागले आणि हात आणखी आखडले. शेवटी मी हरून पाटावर बसले, पाय लांब केले आणि त्याला गप्प करायचं म्हणून पायांवर घेतलं. सव्वा वर्षाचं थोराड पोर, मावत नव्हतं. पण त्याचं वजन नडग्यांवर पडलं मात्र, माझा डावा हात त्याच्या मानेखाली गेला आणि उजव्यानं पाणी घेतलं. बाळंतपणात आठ-दहा दिवस मी त्याला अशीच न्हाऊ घालत होते. मी जागेवरच थिजले नाही, विचार केला नाही, हातांना जाऊ दिलं. अंग चोळलं, डोक्यावरून पाणी घातलं, कपाळावर आडवा हात धरला, डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून.

भात पहिल्या दिवशी करपला. दुसऱ्या दिवशी अळणी झाला. विळीवर बोट कापलं, त्याला चिंधी बांधता येईना, म्हणून तोंडात धरून बसले. यजमान संध्याकाळी आले की आधी दारातूनच पोराकडे बघत. मी अडले की न बोलता मागे येऊन माझा हात धरत आणि काम पुढे नेत. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यांनी इतका वेळ माझा हात कधी धरला नव्हता. तिसऱ्या दुपारी मी श्रीधरला मऊ भात भरवत होते. त्यानं माझं कापलेलं बोट धरलं, त्यावर फुंकर घातली आणि स्वतःच खदखदून हसला.

सासूबाई आठव्या दिवशी परत आल्या. श्रीधर त्यांना बिलगला. त्यांनी त्याच्या नखांपासून कानांपर्यंत सगळं तपासलं. मग म्हणाल्या, "पाणी दे गं." मी दिलं. प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणखी दे." त्यानंतर त्या घरात "तू बस" हा शब्द मी ऐकला नाही.

मी पूर्ण बरी झाले का? नाही. आजही कोणी म्हणालं, कुलूप कसं लावतेस दाखव, तर मी चावी हातात घेऊन उभी राहते. बाहेर जाताना मात्र कुलूप लागतं. स्टोव्हचा पंप मारायला शिकताना महिना गेला. ज्यांच्या घरी असं माणूस असेल त्यांना मी इतकंच सांगेन: समोर उभे राहून "करून दाखव" म्हणू नका. त्याला जपताय असं वाटून त्याचं काम हिरावून घेऊ नका. आणि जो स्वतः ह्यात सापडला असेल त्याला सांगते, तुमचे हात मेलेले नाहीत. हाक मारून येत नाहीत, इतकंच. कामाच्या पोटात शिरलात की तिथे भेटतात.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. हिराचेही. श्रीधर आता मराठी पाचवीत आहे आणि मला इंदूआई म्हणतो.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. तेराव्याला हिरा आली, मागच्या दारी बसली आणि बोलता बोलता म्हणाली, "म्हातारीनं तुला कंदी सांगितला न्हाय ना?"

"काय?"

"ती पालीला लगीच गेलीच न्हाय, बाय. पयले दोन दिस माज्या ओटीवर व्हती. आनि दिवसभर तुमच्या मागल्या कुपनाशी उबी. पोर रडत व्हता तवा मी म्हनलं, जा ना आत, कशाला जीव जाळतंस? तर म्हनली, मी आत गेले तर ती जल्मात करायची न्हाय. नि कुपनाच्या काठ्या अशा धरल्या मुठीत, की हातांतून रगत आला. तिसऱ्या दुपारला तुमच्याकडनं पोराचा हसनं ऐकू आला. तवा तिनं गाठोडं उचललं नि पालीच्या गाडीला गेली."